प्रेसवरचं कुंकू

माणसं यंत्राला का मारतात, या विषयावर मी पीएच.डी. केली. हसू नका. हसणारे मला खूप भेटले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मी स्वतः प्रिंटरला चापट मारताना पाहिलंय. औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी दिवसच्या दिवस उभी असायचे. कागद अडकला की दुकानदार आधी झाकण आपटायचा, मग बाजूनं गुद्दा घालायचा, मग मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एटीएमला लाथ, अंगठा न घेणाऱ्या हजेरीच्या मशीनला बुक्की, गोल चक्र फिरतंच राहिलं की फोन भिंतीवर. मी ते सगळं टिपायचे आणि वर्गात सांगायचे, माणूस खुळा नसतो, मांडणी खुळी असते. लोकांकडून जे बटण चुकीचं दाबलं जातं त्या बटणाला फाशी द्या, दाबणाऱ्याला नको.

आमच्या कॉलेजातले मेकॅनिकलचे एक सर म्हणायचे, "मॅडम, तुमचा अख्खा विषय म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हणायचे, "अंगण वाकडं असतं हो सर! जरा खाली बघत जा." एकदा हे सांगताना टेबलावर हात असा आपटला की त्यांचा चहा त्यांच्याच पँटवर. तेव्हापासून ते माझ्याशी जरा लांबूनच बोलतात.

राग आमच्या घरातच. आम्ही अजिंठ्याकडचे, मेंढरांमागं फिरणारी माणसं. आप्पांच्या हातातली काठी मेंढरांपेक्षा आमच्या पाठीवर जास्त पडायची. मी आणि माझा धाकटा भाऊ तर भाकरीच्या पापुद्र्यावरूनसुद्धा एकमेकांना लोळवायचो. पण बाहेरच्या कुणी त्याला बोट लावलं की माझं डोकं फिरायचं. शाळेत एका पोरानं त्याला विहिरीच्या कठड्यावरून ढकलल्याचं नाटक केलं होतं, तर मी त्या पोराचं डोकं त्याच कठड्यावर ठेचायला निघाले होते. मास्तरांनी केसाला धरून ओढलं मला, नाहीतर आज मी हे लिहायला बाहेर नसते.

पुढं मी शिकले, कॉलेजात लागले, गारखेड्यात घर केलं. धाकटा बारावीनंतर एमआयडीसीत पॉवर प्रेसवर लागला. काम तसं सरळ. साच्यावर पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून लोखंडाचा अवजड ठोकळा येतो, धाडकन, की पत्र्याचा पार्ट तयार. हात आत राहिला तर हाताचा पार्ट तयार होतो. म्हणून समोर सेन्सर असतो, न दिसणाऱ्या प्रकाशाचा पडदा. त्या पडद्यात काही आडवं आलं की पेडल दाबलं तरी ठोकळा हलत नाही. माझा भाऊ त्या सेन्सरवर आमच्या आईपेक्षा जास्त विश्वास ठेवायचा.

आता खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं, सगळ्यांची पूजा. भावाच्या कारखान्यातल्या शॉपमध्येही झाली. प्रेसला झेंडूचा भलामोठा हार घातला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आणि मग मुहूर्ताचा पहिला पार्ट काढायचा तर मशीन हलेना. हलणार कसं? हार सेन्सरच्या बरोब्बर समोर लोंबत होता. देवाला घातलेला हार काढायचा कुणी? शॉपचे मॅनेजर भावाला म्हणाले, "अरे, चावी फिरव की!" म्हणजे सेन्सर बंद कर. त्यानं फिरवली. मॅनेजर साहेबांनी स्वतःच्या पायानं पेडल दाबलं, पार्ट निघाला, टाळ्या, पेढे. सगळे घरी.

त्या चावीबद्दल सांगायलाच हवं. तिला अर्धा वळसा दिला की सेन्सर बंद, अजून अर्धा दिला की चालू. दोन्ही वेळेला चावी उभीच दिसते, अगदी तशीच्या तशी. दिवा नाही, आवाज नाही. फरक कळावा म्हणून चावीच्या पितळेवर कुणीतरी रंगाचा एक लाल ठिपका दिला होता, तो वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू. आणि पूजेत काय झालं असेल? त्या ठिपक्याच्या वर, खाली, शेजारी, चावीवर, चावीमागच्या पट्टीवर, जिथं जागा मिळाली तिथं कुंकवाची बोटं उमटली. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, आपसूक जाऊ द्यायचं, हा आपला रिवाज. नंतर हार तेवढा उतरवला, चावी परत फिरवायची राहिली.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या शिफ्टला भावानं चावीकडं बघितलं होतं. त्याला चावी उभी दिसली आणि तिच्यावर लाल दिसलं. पत्रा तिरका बसला म्हणून त्यानं सरळ करायला हात आत घातला, पाय पेडलवर होताच, तो दाबला गेला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचा शर्ट कुणीतरी बादलीत टाकला होता आणि बादली लाल झाली होती. तो शुद्धीवर होता. म्हणाला, "अक्का, साच्यात माझी बोटं ऱ्हायली असतील, बघ की गं." मी बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटलं. नर्स ओरडली, "ओ ताई, इथं अजून एक पेशंट नको आम्हाला!"

मॅनेजर मोसंब्यांची पिशवी घेऊन आले. खुर्चीवर बसून म्हणाले, "होते चूक. माणूस म्हटलं की चूक आलीच." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी उचलून मी दारावर भिरकावली. मोसंबी वॉर्डभर गडगडली. "कुणाची चूक?" मी ओरडले. "हार कुणाचा? हुकूम कुणाचा? पेडलवर पाय कुणाचा होता मुहूर्ताला?" भाऊ पलंगावरून म्हणाला, "अक्का, गप ऱ्हा. मला तिथं परत कामाला जायचंय."

खरा प्रश्न तोच होता. चौकशी लागली. कामगाराच्या निष्काळजीपणामुळं अपघात, असं ठरलं तर त्याचं काम सुटणार होतं. उजव्या हाताला नुसता अंगठा उरलेल्या माणसाला दुसरीकडं कोण ठेवतो? मेंढरंसुद्धा आता नव्हती आमच्याकडं. बायको, दोन लेकरं, म्हातारी आई, सगळी त्या एका ओळीवर टांगलेली. चौकशीला त्याला एक माणूस सोबत आणायची मुभा होती. त्यानं दुसऱ्या कुणाला नेलं असतं तर बरं झालं असतं असं आई अजून म्हणते. मीच हट्टानं गेले. म्हटलं, आयुष्यभर हेच तर शिकवत आलेय, आता नाही बोलायचं तर कधी?

चौकशी शॉपमध्येच झाली, जेवणाच्या सुट्टीत. कामगार डबे हातात घेऊन भोवती उभे. प्रेस गरगरत होतं, त्याचं मोठं चाक थांबवत नाहीत म्हणे. मॅनेजर साहेब माझ्याशी गोड बोलत होते. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच बघा. ठिपका वर की खाली, एवढं बघायचं होतं. डोळे असलेल्याला कळतं."

"कळतं?"

"लहान पोराला कळेल."

मी म्हटलं, "बरं. तोंड तिकडं करा." ते हसत वळले. मी चावी एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, पुन्हा एकदा. मग म्हटलं, "आता सांगा साहेब, सेन्सर चालू का बंद?"

त्यांनी वाकून बघितलं. कुंकू अजून तसंच होतं, घामाच्या बोटांनी अजूनच पसरलेलं. चष्मा वर केला, खाली केला. डबेवाल्यांमध्ये कुणीतरी खुसखुसलं. साहेब म्हणाले, "चालू आहे."

"नक्की?"

"शंभर टक्के."

सेन्सर बंद होता. आणि मी म्हटलं, "मग घाला हात, आणि दाबा पेडल."

माझं गणित सोपं होतं. ते नाही म्हणतील. नाही म्हणाले की सगळ्यांदेखत सिद्ध होईल, की तुम्हालाही कळत नाही, मग माझ्या भावाला कसं कळावं? मी शेकडो लोकांना यंत्रासमोर बसवलंय. शंका आली की माणूस हात मागं घेतो, हे मी वर्गात छातीठोक सांगते.

पण वर्गात बसलेल्या माणसाच्या मागं त्याच्या हाताखालची माणसं डबे घेऊन उभी नसतात. कुणीतरी म्हणालं, "साहेब, दावा की! भिता का काय?" आणि हशा झाला. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बाही सारली, हात साच्यातल्या पत्र्यावर ठेवला, पंजा पसरून, आणि माझ्याकडं बघत पाय पेडलकडं नेला.

मी तोंड उघडलं नाही. का, ते सांगते. त्या क्षणी मला तो हात साहेबांचा दिसलाच नाही. मला बादली दिसत होती. मला वाटलं, होऊ दे. एकदा होऊ देच!

भाऊ माझ्या शेजारून कसा निसटला कळलं नाही. त्यानं उजवा हातच पुढं केला, पट्ट्या बांधलेला. साहेबांची कॉलर धरायला गेला, पण धरायला बोटं नव्हती, पट्टी कापडावरून सटकली. मग त्यानं आख्खं अंग त्यांच्यावर टाकलं. दोघं शेजारच्या पत्र्याच्या ढिगावर जाऊन आदळले आणि त्याच वेळी ठोकळा खाली आला. धाडकन. जमीन हादरली. साच्यातल्या पत्र्याचा पार्ट उडून माझ्या पायाशी पडला, कोरा, चकचकीत.

साहेब जमिनीवर बसून आपला पंजा उलटासुलटा करून बघत होते. मिटत होते, उघडत होते. तोंडातून नुसतं "अगं आई, अगं आई" निघत होतं. मग त्यांना रडू फुटलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही.

भाऊ उठला. माझ्याकडं आला. वाटलं, गळ्यात पडतोय. त्यानं खाडकन माझ्या मुस्काटात मारली. आमच्याकडं धाकटा थोरल्या बहिणीवर हात उचलत नाही, काहीही झालं तरी. कानात शिट्टी वाजली. गालाला ओलं लागलं म्हणून हात लावून बघितलं, तर रक्त. माझं नव्हतं. त्याचे टाके उसवले होते.

"चावी तूच फिरवली व्हतीस ना? तुला ठाव व्हतं?" तो म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना माझं पुस्तकी बोलणं गळून पडतं.

चौकशीचा निकाल त्याच दिवशी लागला. साहेबांनी स्वतःच लिहून दिलं, की चावीची रचना सदोष आहे आणि कामगाराकडं दोष नाही. भावाचं काम राहिलं. तपासणीच्या टेबलावर घेतलं त्याला, बसून माल बघायचा. प्रेसची ती चावी काढून टाकली. मेकॅनिकलच्या सरांना कुठूनसं कळलं, ते मला म्हणाले, "मॅडम, जिंकलात की!"

त्या दिवशी शॉपमधून निघून मी आणि भाऊ टाके घालायला रिक्षानं दवाखान्यात चाललो होतो. तो पट्टी छातीशी धरून बसला होता. माझा गाल सुजत चालला होता. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "काम वाचलं ना तुझं? लेकरं उपाशी मरणार नायत ना? मग मला का मारलंस?"

 तो रस्त्याकडं बघत बोलला, अगदी हळू, राग न करता.

"माझा हात आत गेला तवा शेजारी कुणी नव्हतं, अक्का. कुणी बघत असतं तर त्यानं मला वढलं असतं, असं मी रोज मनाला सांगतो, मग झोप लागती. आता काय सांगू?"