पुरेकाकूकडचा डबा

माझ्या धाकट्या जावेला सगळे पुरेकाकू म्हणतात. हे नाव ठेवलं माझ्या लेकीने, आमच्या ठकीने, ती चार वर्षांची असताना. जेवायला बसल्यावर आपण पहिला डाव वाढतोय न वाढतोय तोच काकू ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हणायची, त्यावरून. तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पुढे वीस वर्षं मात्र तो शब्द मला सलत राहिला.

लपवाछपवी कशाला करू? माझ्या पोटात दुखायचं. लोकांना दुसऱ्याच्या श्रीमंतीचा हेवा वाटतो. मला हेवा वाटायचा तो जिच्या घरात दोन पातेली, चार ताटं आणि एक बादली आहे अशा बाईचा. हे कुणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील, म्हणून सांगितलं नाही इतकंच.

आमची दारं समोरासमोर आहेत, मध्ये जिना. खोल्याही तेवढ्याच. पण तिच्या खोलीत कुणी शिंकलं तर आवाज घुमतो. माझ्या खोलीत शिंकलं तर वरून काहीतरी पडतं. आमचं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. बादल्या, टब, मग, टोपल्या, खुर्च्या, डबे. दुकानात मावत नाही ते घरी येतं, आणि घरी आलेलं परत जात नाही. एवढं दुकान घरचं, पण वीस वर्षांत ही बाई गिऱ्हाईक म्हणून एकदाच पायरी चढली. आणि मागितलं काय?

"ताई, नुसतं झाकण मिळेल का हो?"

"नुसतं झाकण कुठे मिळतं? डबा घे, झाकण त्यावरच येतं."

"डबा आहे माझा चांगला. त्याने काय पाप केलंय?" म्हणाली आणि गेली. घरी जाऊन तिने त्या डब्यावर एक बशी उपडी घातली. ती बशी अजून तिथेच आहे.

ती रुग्णालयाच्या शिवणखोलीत काम करते. तळघरात दोन मशिनं, एक लांब टेबल आणि रोज धुऊन येणारा चादरींचा ढीग. मी एकदा तिला निरोप द्यायला गेले होते तेव्हा बघितलं. चादर मध्ये विरते, कडा धड राहतात. ती चादर मधोमध उभी फाडते, धड कडा मध्ये आणून जोडते, विरलेला भाग बाहेर काढून दुमडते. चादर आणखी वर्षभर चालते. मग ती उशीची खोळ होते, खोळीचे रुमाल होतात, रुमालांची फडकी होतात. "आणि फडकं फाटलं की?" मी खवचटपणे विचारलं. "मग त्याला सुट्टी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कधी खोच नसते, हाही माझा एक राग.

घरीही तोच प्रकार. कपडे धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं मोरीला. कामावर पायी. वाण्याकडे जाताना हातात धुतलेली पिशवी आणि डबा. दीर मालगाडीवर, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. म्हणून ही एकटी, शांत, सुटसुटीत. सकाळी कचरेवाला आला की माझ्या दाराशी दोन पिशव्या फुगून बसलेल्या असतात. तिच्या दाराशी आठवड्यातून एकदा वर्तमानपत्राची एक पुडी. एकदा तो माझ्या पिशव्या उचलता उचलता म्हणाला, "त्या बाईंच्या दारात वाकावंच लागत नाही." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कचऱ्यावरूनही माणसाला कमीपणा येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळवलं नाही ते ठकीचं.

ठकी जेवायची माझ्याकडे आणि बोलायची तिकडे. शाळेतून आली की दप्तर माझ्या दारात आणि पाय काकूच्या. परीक्षेत नापास झाली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, काकूला त्याच दुपारी. मी तिला नवं दप्तर आणायचे, ती काकूने चादरीच्या कडांची शिवलेली पिशवी घेऊन फिरायची. संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून "ठकेऽ, जेवायला चल!" अशी हाक मारायचे. तिन्ही मजले ऐकायचे. ती यायची, पण येताना मागे बघत यायची, आणि ते मागे बघणं मी रोज मोजायचे.

मागच्या वर्षी ठकीला दुसऱ्या गावात नोकरी लागली. तिथे एक खोली घेतली तिने. मी तर दहा वर्षांपासून माळ्यावर तिच्यासाठी सामान साठवत होते, एकात एक बसणाऱ्या सात टोपल्या, डब्यांचे तीन संच, सगळं. मी ते उतरवायला शिडी लावली. खालून ठकी म्हणाली, "आई, नको गं ते. मला काकूसारखं राहायचंय. थोडक्यात."

मी शिडीवरच बसले. काकूसारखं! पोटी जन्म घेतला माझ्या, आणि राहायचं काकूसारखं.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं की साधंच राहायचं ना, मग मी त्या बाईपेक्षा साधी राहून दाखवते. ठकी तिच्या मैत्रिणीकडे गेलेली बघून मी घरातलं प्लास्टिक तेवढं काढलं. तीन पोती भरली. ती जिन्यात नेऊन ठेवली, भंगारवाला संध्याकाळी येणार होता. मग बाजारात गेले. काचेच्या बरण्या आणल्या चोवीस. स्टीलचे डबे, लाकडी ब्रश, बांबूचे चमचे आणि कापडी पिशव्या अकरा. त्या पिशव्या घरी आणायला आणखी पिशव्या लागल्या. साधं राहायला एवढं सामान लागतं हे मला ठाऊक नव्हतं. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "लोकांना प्लास्टिक विकायचं आणि घरात काच? गिऱ्हाइकाने बघितलं तर?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

ठकी परत आली. बरण्यांची रांग बघितली. मी वाट बघत होते की आता म्हणेल, आई, शाबास. ती म्हणाली, "जुने डबे कुठायत?"

"टाकले सगळे. भंगारवाला घेऊनही गेला."

"माझा ठ-चा पण?"

हा ठ-चा डबा म्हणजे तिच्या शाळेचा पिवळा डबा. दुकानातलाच. हरवू नये म्हणून मी सुई तापवून त्याच्या झाकणावर ठ कोरला होता. वर्गातली पोरं त्यावरून तिला ठोंबी म्हणून चिडवायची, तरी दहा वर्षं तिने तोच नेला.

"तोही गेला असेल त्यात," मी म्हटलं.

"मला तोच न्यायचा होता, आई. बाकी काहीच नको होतं तुझ्याकडचं. तो एकच." असं म्हणून ती तशीच चपला घालून भंगारवाल्याच्या गोदामाकडे पळाली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच! माझ्या लेकीला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं, काकूकडचं नव्हे, माझ्या हातचं. आणि मी ते काकूवर कुरघोडी करण्यासाठी जिन्यात फेकलं होतं.

मला घरात बसवेना. मी समोरच्या दारात गेले, का ते मलाही सांगता येणार नाही. बहुतेक भांडायलाच. जाऊ ओट्याशी होती, आणि तिच्या फळीवर ओळीने माझे डबे मांडलेले होते. घासलेले, पुसलेले, ज्याचं झाकण त्यावर. निळे, हिरवे, चिरा गेलेले. शेवटी तो पिवळा.

क्षणभर मला आनंदच झाला. "तू? तुझ्या घरात प्लास्टिक?"

"जिन्यात ठेवलं होतंत ना, ताई. मला वाटलं, नको असेल. भंगारवाल्याला विचारून काढून घेतले. चांगले आहेत हो."

"अगं, पण प्लास्टिक आहे ते! तूच ना त्याच्या विरुद्ध?"

"नवीन आणण्याच्या विरुद्ध," ती म्हणाली. "हे तर जन्माला येऊन बसलंय. त्याला मरण नाही. मग फेकून कुठे जाणार ते? त्यापेक्षा राबवावं."

माझ्या चोवीस बरण्या डोळ्यांसमोर आल्या. मी विषय बदलला. "तो पिवळा दे. ठकीचा आहे. ती गोदामात शोधत फिरतेय."

मला वाटलं होतं की ती लगेच उचलून देईल. कुठलीही गोष्ट मागा, देऊन मोकळी होणारी बाई. पण तिने डबा फळीवरून काढला आणि हातातच धरला. आत तिने बटणं ठेवली होती, ती खुळखुळली.

"तिला दुसरा द्या ना, ताई," ती म्हणाली. "तुमचं दुकान आहे."

"तिला हाच हवाय."

"मला पण हाच हवाय."

वीस वर्षांत 'हवाय' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. तिचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्याला पुरे म्हणता येतं हो," ती म्हणाली, "तिला नाही म्हणता आलं. ती इथे बसायची, बोलायची, मला वाटायचं, आज राहील. तेवढ्यात तुम्ही जिन्यातून हाक मारायचात. सांगत असलेली गोष्ट अर्धी टाकून ती उठायची. रोज. तुमच्या त्या हाकेचा इतका राग यायचा मला! मी दार लावून घ्यायचे, ऐकू येऊ नये म्हणून."

मला दया आली असं लिहायला बरं वाटेल, पण खरं सांगते, पहिल्यांदा झाला तो आनंद. या बाईला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं! वीस वर्षं मी तिच्या दाराकडे बघून जळत होते आणि त्याच दाराआड ती माझ्या आवाजावर जळत होती. तो आनंद फार टिकला नाही. तिने डबा पदराने पुसला, तो आधीच स्वच्छ होता, आणि मला तिथे उभं राहवेना.

"ठेव," मी म्हटलं, आणि घरी आले.

ठकी धुळीने माखून परत आली, रिकाम्या हाताने. मला सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं, आणि लेक माझी झाली असती. मी म्हटलं, "नाही मिळाला ना? माझीच चूक. मी टाकला." त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. माझ्यासारख्या बाईने तीन दिवस तोंड बंद ठेवलं. आमच्या ह्यांनी मला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघितला.

निघायच्या दिवशी ठकीच्या हातात दोन पिशव्या होत्या, बस. ती जिन्यात आली तेव्हा जाऊ समोरच्या दारात उभी होती. हातात पिवळा डबा. ठकी ओरडलीच.

"काकू! हा तुझ्याकडे?"

"ताईंनी दिला होता माझ्याकडे ठेवायला," जाऊ म्हणाली. माझ्याकडे न बघता. "टाकला नव्हता त्यांनी. इतर सामानात चेंगरेल म्हणाल्या."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई ती. ठकीने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली, पिशव्यांसकट. रडली, मला घट्ट धरलं. वीस वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं, आणि तेही मला तिच्या हातून घ्यावं लागलं. ठकीच्या खांद्यावरून मी जावेकडे बघितलं. बटणं तिच्या मुठीत होती. तिथेही बाई माझ्या वरचढ ठरली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. लेकीला मिठीत घेऊनही मला हेवाच वाटला.

ठकी गेली. दुपारभर मी बरण्या पुसत बसले. दिवेलागणीला स्वयंपाक झाला, आणि पायांना सवय, मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं आणि "ठकेऽ, जेवाय..." पर्यंत आवाज निघाला. मग आठवलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पुन्हा लावलं.

समोरचं दार आज लावलेलं नव्हतं. फटीतून तिचा ओटा दिसत होता, आणि फळीवर पिवळ्या डब्याची रिकामी जागा.

"अगं," मी हाक मारली. नाव घेतलं नाही, पण आवाज तोच, तिन्ही मजले ऐकतील असा. "जेवायला चल."

ती बाहेर आली. हातात तिचं ताट होतं, माझ्याकडचं एक जास्तीचं घासायला लागू नये म्हणून. ती बसली. मी पहिला डाव वाढला आणि सवयीने तिच्या आडव्या हाताची वाट बघत थांबले. हात मांडीवरच होता. मी दुसरा वाढला. मग तिसरा.