निजामाबादचा भात

धर्माबादच्या गोदावरीबाईंना सीमेपलीकडच्या तेलंगणातलं सगळंच स्वस्त वाटायचं. रेणापूरहून विहीणबाई कौसाबाई आल्या, तशा गोदावरीबाईंनी त्यांनाही सकाळच्या गाडीत घालून निजामाबादला नेलं. दोन साड्या झाल्या, स्टीलचा डबा झाला, आणि दुपारी दोघी एका खानावळीत बसल्या. हवा तेवढा भात, आंबाडीची चटणी, वर दही, आणि पैसे आपल्याकडच्या निम्मे!

अर्धं ताट संपलं तोच सुनेचा, पुनमचा फोन आला. हात खरकटा, म्हणून गोदावरीबाईंनी तो स्पीकरवर टाकला. "आत्याबाई, आज संकष्टी. उपाशीपोटी लई फिरू नका. साबुदाणा भिजवून ठेवलाय."

गोदावरीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला; संकष्टी त्या पार विसरल्या होत्या. मागच्याच संकष्टीला पुनमनं चहात एक बिस्कीट बुडवलं, तर यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. आणि समोर भात कालवत बसलेल्या कौसाबाई म्हणजे त्याच पुनमची आई!

कौसाबाईंनी डावा हात पुढं केला आणि फोनवर ऐकू जाणार नाही अशा हळू आवाजात म्हणाल्या, "द्या फोन. मी तर संकष्टी धरतच न्हाई. पन लेकीला सांगते, सासूबाई कसला फराळ करायल्यात ते."

गोदावरीबाईंनी फोन घट्ट धरला. "पुनम, अंगावर पाजणाऱ्या बाईनं उपास कशाला धरावा? तू जेव बाई. लेकरू मोठं होईस्तोवर तुला संकष्टी माफ."

फोन बंद झाला, तसा कौसाबाईंनी समाधानानं हात मागं घेतला आणि वाढप्याला हाक मारली, "अन्ना, आमच्या विहीणबाईंना अजून भात वाढ. उपासानं सुकल्या बिचाऱ्या."