टाकीच्या टोपणाचं भोक

माझ्या साडूची गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे असं मुळीच नाही. फक्त ती चालते.

साडू लिंबाजी सिरसाळ्याचा. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली, म्हणजे जावयांत मी थोरला, तो धाकटा. तरी गडी नवीकोरी पांढरी गाडी घेऊन आधी आमच्या दारात आला, पाली गावात! पेढे देऊन गेला असता तर मी सोसलंही असतं. पण जाताना माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "साडूभाऊ, ही लई तेल पीत असंल न्हाई का? आमची निस्ता वास घेती."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (पेढे गेले. ते वेगळं.)

माझी गाडी तेल पिते हे मलाही ठाऊक होतं, पण ते त्याला ठाऊक आहे हे सहन होईना. एवढं तेल जातं कुठं म्हणून मी गाडीखाली आडवा झालो. पाईप बघितले, टाकीला खालून हात फिरवला, कुठं थेंब नाही. मग टाकीचं टोपण उघडलं, तर त्याला सुई जाईल एवढं भोक! म्हणजे दिवसभर उन्हात उभ्या गाडीचं तेल वाफ होऊन इथून उडत होतं आणि साडूपुढं माझी मान खाली जात होती. मी सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणलं, ट्यूबचा गोल तुकडा कापला आणि टोपणाला आतून असं ठिगळ मारलं की मुंगीचा श्वाससुद्धा आत जाऊ नये.

त्यानंतर गाडी बिघडली. आता ठिगळाचा आणि बिघाडाचा काही संबंध असेल अशी शंका एखाद्याला आली असती. मला नाही आली.

गाडी सुरू व्हायची झोकात. थोडं अंतर गेली की गचके खायची, दम तुटायचा, आणि बंद. जरा वेळ उभी ठेवली की पुन्हा तरुण. बीडचा मिस्त्री म्हणाला, पंपाला तेल पुरत नाही, प्रेशर पडतंय. त्यानं फिल्टर बदलला, पाईप फुंकला, हातपंप मारून हवा काढली. "मागून कोनीतरी तेल धरून ठेवल्यागत वाटतंय, काका. टाकी बघू का?" असं तो म्हणाला, तर मीच त्याला थांबवलं. टाकीचं काम मी स्वतः जातीनं केलेलं. त्यात मिस्त्रीनं काय बघायचं? "टाकी सोडून बाकी कायबी बघ," म्हणालो. त्यानं बाकी सगळं बघितलं. गाडी तशीच.

तेवढ्यात आष्टीला मेहुण्याच्या पोराचं लग्न आलं. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. पूर्वी घोड्यावर, आता गाडीत. आणि ती गाडी थोरल्या जावयाची, असं मेहुण्यानं मला केव्हाच कबूल केलेलं. नवरदेव लिंबाजीच्या पांढऱ्या गाडीत बसला तर पुढं जन्मभर मला सासुरवाडीच्या पंगतीत मान वर करून भात मागता आला नसता.

बायको म्हणाली, "अहो, यष्टीनं जाऊ. तिची तब्येत बरी न्हाई."

"माझी गाडी आजारी न्हाई. तिला लांबची सवय न्हाई, एवढंच."

पालीच्या पुढच्या घाटातच सवय दिसली. गाडी अर्ध्या चढावर थांबली. मी हातपंप मारला, तर तो असा आखडलेला की आतून कुणीतरी उलटा ओढतंय. बायको दगडावर बसून शेंगा खात होती. थोड्या वेळानं गाडी आपोआप सुरू झाली. मी म्हणालो, "बघ, हात लागावा लागतो." पाटोद्याच्या अलीकडं पुन्हा हात लागावा लागला. पाटोद्याच्या पलीकडंही. बायकोच्या शेंगा संपल्या.

आष्टीला पोचलो तर लिंबाजीची गाडी झेंडूनं मढवून मांडवापुढं उभी! वर नवरदेवाचं नाव चिकटवलेलं. माझ्या पोटात जी आग पडली तिच्यावर अख्ख्या वऱ्हाडाचा भात शिजला असता. मी मेहुण्याला बाजूला घेतलं. म्हणालो, थोरला जावई अजून जिवंत आहे. मेहुणा गरीब, त्यानं मुकाट्यानं माळा सोडवून माझ्या गाडीवर चढवल्या. लिंबाजी हसत होता. त्याचं हसणं मला सगळ्यात जास्त लागतं.

नवरदेव बसला, हलगी कडाडली, मी ऐटीत गिअर टाकला, आणि चावडीपुढं गाडी गपकन बंद. वाजवणाऱ्यांना वाटलं नाचायला थांबलोय. पोरं नाचून नाचून घामाघूम झाली. मी किल्ली फिरवतोय, गाडी नुसती कण्हतेय.

लिंबाजी मागं गेला आणि माझ्या परवानगीशिवाय टोपण फिरवलं. भुस्स! असा आवाज झाला की नवरदेवानं बाशिंग धरलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"साडूभाऊ," टोपण उलटं करून बघत लिंबाजी म्हणाला, "ह्ये ठिगळ कोनी मारलंय? टाकीतनं जेवढं तेल जातंय तेवढी हवा आत याय नको का? तेल वर येनार कसं मग?"

"गाडी घेतली तवाच तसं हाय ते," मी म्हणालो.

"कावून खोटं बोलता?" बायको मागून म्हणाली. "तुमीच की सोल्युशन आनलं. दोन दिवस बोटं चिकटली होती तुमची."

ठिगळ नखानं निघेना. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. टोपण सैल बसवावं तर गचक्यानं खाली पडे, आणि उघडी टाकी तशीच न्यावी तर पुढं पोरं फटाके उडवत होती. म्हणजे कुणीतरी टाकीवर हलक्या हातानं टोपण धरून चालणं भाग होतं. लिंबाजी लगेच म्हणाला, "द्या, मी धरतो. तुमी चालवा."

पण त्याच्या हातात टोपण म्हणजे माझं ठिगळ मारुतीपर्यंत साऱ्या वऱ्हाडाला दाखवलं जाणार! मी टोपण हिसकावलं आणि तावात म्हणालो, "माझ्या टाकीला कोनी हात लावायचा न्हाई. तू चालव."

त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

लग्नाचे फोटो आले. नवरदेव झेंडूत, शेजारी स्टेअरिंगवर फेटा बांधलेला लिंबाजी, आणि गाडीच्या मागच्या कोपऱ्याला टाकीवर वाकलेला एक म्हातारा. सासुरवाडीत आता सगळे म्हणतात, धाकट्या दाजींकडं दोन गाड्या आहेत. एक नवी, एक हौसेची.

खरं सांगतो, त्याच्या पांढऱ्या गाडीचा मला आता जराही हेवा वाटत नाही. जीव जळतो तो त्याच्या दुसऱ्या गाडीवर.