पाचला बंद होणारा फॉर्म

मंडळी, आजचा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिक्कडपल्ली या आमच्या वस्तीत आम्ही काही जण मोफत कम्प्युटर लॅब चालवतो. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, कंपन्यांचं विकतचं काहीच नाही, आणि मला त्याचा भारी अभिमान.

आज रझिया आपा अंगणवाडीच्या नोकरीचा फॉर्म भरायला आल्या. मुदत पाचची. साडेचारला सगळं भरून झालं, पण आमच्या मशीनवर सही काही अपलोड होईना. मी हट्टाने खटपट करत राहिलो. पावणेपाच वाजले.

"भैया, मेरा फॉर्म जाता कि नै?" आपांनी विचारलं.

तेव्हा कुठे मी उठलो. आपांना घेऊन समोरच्या नेट कॅफेत धावलो. तिथल्या विकतच्या सॉफ्टवेअरवर सही चढली. पाचला दोन मिनिटं असताना फॉर्म गेला.

आपा रडत दुआ देत होत्या. मला मान वर करवेना. ती पंधरा मिनिटं मी लॅबची लाज राखत बसलो होतो.

माझ्या जागी तुम्ही त्या खुर्चीवरून किती वाजता उठला असतात?