आल्या-गेल्याचा हिस्सा

गडचिरोलीला दुकान टाकलं म्हणून गावच्या मच्छीमार सोसायटीने माझं नाव सभासदांतून काढलं. कारण काय, तर मी गावात राहत नाही. माझ्या बापाची हयात त्या तलावात गेली, त्याचं काही नाही.

पुढे सोसायटीत संगणक आला आणि मासळीच्या वाटणीचा प्रोग्राम करायला त्यांना मीच आठवलो. मी सौदा केला: पैसे नकोत, नाव परत यादीत घ्या. अध्यक्ष माझा चुलतभाऊ. "आधी चालवून तं दाखव," म्हणाला.

सचिव बाई जेमतेम शिकलेल्या. त्यांच्यासाठी मी स्क्रीनवरची सगळी गर्दी काढली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मांडतात तसे रांगेने मासळीचे ढीग दाखवले. ढिगावर दाबायचं, नाव निवडायचं, संपलं. तरी रोज फोन.

"भाऊ, हे पुढं जातच नाई. नाव मांगते."

"मग टाका ना."

"कोणाचं टाकू? रस्त्यानं जाणारा माणूस होता, पाळीवर थांबला. आता हिस्सा देऊन त्याले नाव पुसू का?"

मी भडकलो, फोन आपटला. पण जाळं ओढताना जो पाळीवर उभा, त्याला एक हिस्सा, ही आमच्याकडची रीतच. शेवटी बिननावाचा एक ढीग केला. त्यावर फक्त उभ्या माणसाचं चित्र.

त्यानंतर फोन बंद झाले. दुकानात बसून मी मोबाईलला रेंज आहे ना, ते बघायचो. नावाचं विचारलं की चुलतभाऊ म्हणायचा, "पाहू पुढच्या सभेत." सभा होत राहिल्या.

एकदा जाळं ओढायच्या दिवशी मीच गेलो. सोसायटीच्या खोलीची खिडकी पाळीकडेच उघडते, तिच्याशी उभा राहिलो. बाई आतून म्हणाल्या, "लय सोपं झालं भाऊ. आता कोणालेच विचारा लागत नाई."

ढीग लागले. एकेक नाव घेत त्या माझ्यापर्यंत आल्या. माऊसवरचा हात जरा थांबला. मग त्यांनी उभ्या माणसावर दाबलं.

"इथी माझं नाव नाई का, बाई?"

"यादीत नाई जी. पण हिस्सा तं आहे."

रोहूची पिशवी मी गाडीच्या हँडलला अडकवली. चुलतभाऊ पाण्यातूनच ओरडला, "जेवून जातं का रे?"

तसं तो आल्या-गेल्यालाही विचारतो. मी गाडीला किक मारली.