भीमाबाईंची दवाई

रायपूरच्या गुढियारी भागातल्या भीमाबाई रामटेके अठरा वर्षांपासून एका मंगल भवनातले संडास-बाथरूम साफ करतात. सासरे रेल्वेच्या नोकरीपायी भंडाऱ्याकडून रायपूरला आले आणि घराणं इथलंच झालं. बोलीत मात्र हिंदी मुरत गेली. त्या हिंदीतूनच एक शब्द कामात शिरला, दवाई. फिनाइल म्हणजे दवाई, अ‍ॅसिड म्हणजे दवाई, ब्लीचिंग पावडर तीही दवाईच. अ‍ॅसिड आणि फिनाइल तर कोल्ड्रिंकच्या एकसारख्या बाटल्यांत भरलेलं असायचं.

आता दवाईला कोण भितं? हातमोज्यांचा विषय निघाला की भीमाबाई हसायच्या. "दवाईनं कोणी मरते का वं?" बोटांची सालं निघाली की घरी जाऊन खोबरेल चोळायचं, एवढाच इलाज.

गेल्या वैशाखात एका सकाळी लग्नाची पार्टी यायची होती आणि एका संडासाचे पिवळे डाग काही केल्या हटेनात. अ‍ॅसिड टाकून झालं होतं. डॉक्टर दोन गोळ्या देतो तेव्हा ताप लवकर उतरतो, हे बाईंचं शास्त्र. त्यांनी वरून मूठभर ब्लीचिंग टाकलं. खिडकी बंदच होती, कारण वास बाहेर गेला की खालचा हलवाई शिव्या घालायचा.

हिरवट-पिवळा धूर उठला. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं, छातीवर कोणी पाटा ठेवावा तसा श्वास अडला. दारापर्यंत येऊन भीमाबाई खालीच बसल्या. जोडीला काम करणाऱ्या चेतनानं त्यांना ओढत बाहेर काढलं आणि ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

"क्या हुआ?" नर्सनं विचारलं.

"दवाई से हुआ, दीदी!" चेतना धापा टाकत म्हणाली.

झालं! शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे शब्दानं जीवच घेतला असता. विदर्भ काय नि छत्तीसगड काय, बाईला 'दवाई'नं झालं म्हटलं की लोक एकच समजतात. फवारणीचं औषध प्यायली, जीव द्यायला. नर्स पोट धुवायची नळी आणायला धावली. दुसरी चेतनाला विचारू लागली, घरात भांडण झालं होतं का? भीमाबाईंना श्वासच पुरत नव्हता, बोलणार कुठून? त्या नुसती मान हलवत राहिल्या.

तेवढ्यात बीरगांवच्या कारखान्यातून त्यांचा मुलगा लोकेश पोचला. नर्सनं त्यालाही तेच सांगितलं. एरवी आईला हिंदीतच उत्तर देणारा हा पोट्टा तिचे पाय धरून मराठीत रडायला लागला. "माय, काहून घेतली वं दवाई? माह्यं काय चुकलं?"

ते ऐकून भीमाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. नळी घेऊन आलेल्या नर्सचं मनगट त्यांनी घट्ट धरलं आणि होता नव्हता तो दम लावून सांगितलं, "पी नहीं. सूंघी. संडास की."

नर्सनं नळी बाजूला ठेवली आणि ऑक्सिजन लावला.

तीन दिवसांनी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग कधीच एकत्र आणायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, हातमोजे घालायचे. भीमाबाईंनी कानाला खडा लावला. कामावर परतल्यावर कोल्ड्रिंकच्या बाटल्या बंद केल्या. प्रत्येक वस्तू आपापल्या लेबलच्या डब्यात, अ‍ॅसिड एका खोलीत तर ब्लीचिंग दुसरीत. आणि 'दवाई' म्हणायचं नाही. म्हणायचं 'जहर'.

मॅनेजर श्यामकांत वैतागला. "अहो बाई, पाहुण्यांच्या देखत 'जहर आण' म्हणून ओरडता? पार्टी पळून जाईल. दवाईच म्हणा. आणि हातमोज्यांचं पुढच्या सीझनला बघू."

भीमाबाईंनी अ‍ॅसिडच्या डब्याचं झाकण उघडलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

"घ्या नं भैया, जराशी हातावर. दवाईच हाय."

श्यामकांतनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मंग आमचे हात का बाजारातून आणले?" एवढं म्हणायला भीमाबाईंना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. दुपारी हातमोजे आले.