मिटिंगच्या दारातून परत

मैत्रिणींनो, किती विनवण्या केल्यावर आज दादा दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगला यायला तयार झाला. अट एकच होती, आमच्या चिंचणीत कुणाला कळता कामा नये. म्हणून बोईसरची मिटिंग शोधली.

शाळेच्या वर्गात बाकं लावलेली, चहा तयार. दादा दारातच थबकला. आत आमच्याच आळीतले रमेशकाका बसलेले. त्या बाकावर दुसऱ्या कशासाठी कोण बसेल? पण दादाला बघून ते ताडकन उठले.

"जरा काम होतं इकडं. तू?"

"मी बाजार करायला आलो."

तिथल्या एका गृहस्थांनी हात जोडले, "बसा हो, इथलं बोलणं बाहेर जात नाही." दोघांनीही ऐकलं नाही.

परत येताना आम्ही तिघं एकाच शेअर रिक्षात. नाक्यावर काका उतरले, मागोमाग दादाही.

"तू जा घरी, आमी येतो."

मिटिंगमध्ये एकमेकांची लाज वाटली. नाक्यावरच्या बारच्या पायऱ्या मात्र खांद्यावर हात टाकून चढले.

मला रिक्षातून उतरताही आलं नाही. आई दारातच उभी असणार. तिला काय सांगू, सांगा ना कुणीतरी.